चोथ्याच्या दुधाचा भात

माणूस आजारी पडला की घरात दोन आजारी होतात, एक तो आणि एक त्याची बायको. त्याला डॉक्टर असतो, गोळ्या असतात, मोसंबी घेऊन भेटायला येणारे लोक असतात. तिला कोण विचारतंय? केसरबाईला तर आता कुणी विचारायला यावं असंही वाटत नव्हतं. आलं कुणी की चहा टाकावा लागतो, आणि चहा टाकायला उठावं लागतं.

सत्त्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याच्या, नागनाथच्या छातीत कळ आली. शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका सरकारी कचेरीत तो चपराशी होता. फायलींचा गठ्ठा उचलायला वाकला तो तिथंच बसला. अठरा दिवस दवाखान्यात काढून घरी आला तेव्हा अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटावा एवढा वाळला होता. घर म्हणजे कचेरीच्या मागच्या शिपायांच्या चाळीतल्या दोन खोल्या. एकुलता एक मुलगा रावसाहेब नाशिकला नोकरीला. तो आला, आठ दिवस राहिला, रजा संपल्यावर डोळे पुसत गाडीत बसला. मग घरात राहिली ही दोघं, आणि दोघांच्या मधे बिनमिठाच्या पेजेचं पातेलं.

डॉक्टर पंचाक्षरींनी सगळं सांगून ठेवलं होतं. मीठ बंद. तेल बंद. तिखट बोटाच्या टोकावर बसेल एवढंच. "आणि नारळ-खोबरं घरात दिसता कामा नये," ते म्हणाले. केसरबाईनं मान हलवली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सांगितलेलं ती विसरत नसे.

पेज ती तीन वेळा करी. पहिले दोन दिवस नागनाथनं चार-चार चमचे घेतली. मग दोन. मग तोंडच उघडेना. तो हट्टी असता तर सोपं होतं, हट्टी माणसाशी निदान भांडता तरी येतं. हा नुसता भिंतीकडं मान फिरवायचा आणि "नगं" म्हणायचा, तेही इतकं हळू की रागवायला सोय नाही. रागवायचं त्राण तरी कुठं होतं म्हणा. पहाटे पाचला नळाचं पाणी भरायचं, त्याचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, पाय धुऊन पुसायचे, पुन्हा पेज, पुन्हा "नगं". मार्च लागला तसे छपराचे पत्रे नऊ वाजताच तापायला लागले. दुपारी ती त्याला विंझण्यानं वारा घालायची आणि बसल्या जागी डुलक्या घ्यायची. हात मात्र हलत राहायचा.

तिचं स्वतःचं खाणं म्हणजे सकाळची भाकरी संध्याकाळी. आणि चहा. चहाची पहिली उकळी नागनाथची, मग त्याच भुकटीत कपभर पाणी ओतून दुसरी उकळी तिची. लग्न झाल्यापासून हीच रीत होती. आता नागनाथ चहाही पीत नव्हता, तरी ती पहिली उकळी त्याच्यासाठी झाकून ठेवायची आणि आपण दुसरीच प्यायची. सवयीला काय औषध?

गुरुवारी डॉक्टर येऊन बघून गेले. दारात थांबून हळू आवाजात म्हणाले, "बाई, उपाशीपोटी या गोळ्या देता येत नाहीत, आणि गोळ्या थांबवताही येत नाहीत. सोमवारपर्यंत हे खायला लागले तर ठीक. नाहीतर परत भरती. आणि खरं सांगतो, परत भरती झाले तर ते घरी येतील असं मला वाटत नाही."

खरं सांगणारा डॉक्टर चांगला असं लोक म्हणतात. केसरबाईला त्या वेळी तसं काही वाटलं नाही.

ती आत आली आणि नवऱ्याच्या उशाशी बसली. पदरानं त्याचं कपाळ टिपलं. "अवं," ती म्हणाली, "पेज नगं, खिमट नगं, दूध नगं. मग काय खावं वाटतंय ते तरी सांगा की."

 मग भिंतीकडंच बघत तो म्हणाला, "मलायचा भात."

झालं. सगळं सोडून तेच मागितलं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर तिखटातली सुकट, तळलेले शेंगदाणे. डॉक्टरांनी बंद म्हणून जेवढं सांगितलं होतं तेवढं सगळं एका ताटात.

या भाताची गोष्ट मागं बरीच लांब जाते. केसरबाई चौदा वर्षांची असताना कुंभारीत तिचं लग्न झालं, आणि वर्षाच्या आत नागनाथ फौजेत गेला. आगबोटीनं मलायाला गेला एवढं कळलं. मग जपानी आले आणि कळायचं बंद झालं. एकदा सरकारी कागद आला, बेपत्ता म्हणून. दुसऱ्या वर्षी भावकीतल्या बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा ही पोर दोन्ही हात काखेत घालून भिंतीला टेकून बसली, ती त्या उठून जाईपर्यंत उठली नाही. "कागदात मेला म्हणलंय का? हरवला म्हणलंय," एवढंच ती बोलत होती. गावच्या म्हसोबाला तिनं नवस बोलला होता, माणूस परत आला तर पाच नारळ.

शेहेचाळीस साली माणूस परत आला. अंगावर फक्त हाडं होती. म्हसोबाला पाच नारळ फोडले. "आता काय खावं वाटतंय?" तिनं विचारलं, तर म्हणाला, "तिकडं सकाळी नारळाच्या दुधात भात करत्यात. त्यो खावासा वाटतो."

"कोण करायचं तुमाला?"

"एक बाई व्हती," तो म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

बस्स. पुढं तीस-एकतीस वर्षांत त्या बाईबद्दल एक शब्द नाही. मलायाचं नाव निघालं की हा उठून बाहेर. केसरबाईनं दोनदा विचारून पाहिलं, मग सोडून दिलं. पण डोक्यातून कसं सुटणार? वीस-बावीस वर्षांचा गडी, परमुलूख, आणि सकाळी उठून त्याला भात करून घालणारी बाई. फौजेतल्या गड्यांच्या तिकडच्या बायांबद्दल गावात पोरीबाळी काय बोलायच्या ते तिनं ऐकलं होतं. ती बाई गोरी असेल, केस लांब असतील, असं तिनं आपलं आपण ठरवून टाकलं.

तो पहिला भात तिनं नवसाच्या नारळांचा केला. नवसाचं खोबरं शिळं करायचं नसतं, टाकायचं तर नसतंच. म्हणून पाच नारळांतलं देवाचं, गुरवाचं, शेजारपाजारचं जाऊन जेवढं उरलं तेवढं सगळं तिनं पाट्यावर वाटलं, फडक्यातून घट्ट दूध पिळलं आणि त्यात पावशेर तांदूळ शिजवला. भाताचा नुसता लोण्यासारखा गोळा झाला, वर बोटभर तेलाचा तवंग. नागनाथनं तो खाल्ला, बोटं चाटली, म्हणाला, "बरा झालाय." केसरबाई म्हणाली मनात, आता बघू ती मलायची काय करते.

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार या भाताचा. छप्पन साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली, घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले, नवस संपले, नारळ फोडणं संपलं. चाळीत कुणी विचारलं की ती म्हणायची, "आमच्यात नारळ आता फक्त भाताला." पण माप सुटलं नाही. दोन-तीन माणसांना दोन अख्खे नारळ. ती विळीच्या खवणीवर बसून खवायची, खांदे भरून यायचे, वाटायची, पिळायची. चहाला साखर कमी असली तर चालेल, भात मलायच्या बाईपेक्षा पातळ व्हायला नको.

शेजारच्या खोलीत अक्कम्मा राहायची. तिचा नवराही त्याच कचेरीत. घराणं लिंगायत, माहेर मैंदर्गीचं, बोलताना निम्मं कानडी. उखळात कुटून केलेली तिची शेंगाचटणी अख्खी चाळ मागून न्यायची. सुकटीचा वास तिला सोसत नसे. त्या रविवारी ती दार लावून उदबत्ती पेटवायची, पण तोंड कधी वाकडं केलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी नळावर भेटली की म्हणायची, "केसरक्का, काल तुझा मलाया आमच्या घरातनं फिरून गेला बघ."

तर आता तोच भात मागितलेला, आणि समोर सोमवार.

शुक्रवारी केसरबाईनं एक युक्ती केली. गाईचं दूध पाण्यात सारखं मिसळून त्यात तांदूळ शिजवला, आल्याची चकती टाकली, शेंगदाणे कोरडेच भाजले. दिसायला पांढरं, नारळाचं दूधही पांढरंच की. नागनाथनं ताटली नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. एक शितही उचललं नाही.

शनिवारी तिनं पाण्यातच भात केला आणि वरून सुक्या खोबऱ्याचा चिमूटभर कीस भुरभुरला, नावाला. त्यानं एक घास घेतला. चावला, गिळला. "ह्यो त्यो न्हाय," म्हणाला आणि आडवा झाला. त्या एका घासाचंही तिला कौतुक वाटलं, दिवसच इतके वाईट आले होते.

दुपारी अक्कम्मा आली तेव्हा केसरबाई चुलीपुढं बसून आपला चहा करत होती. नागनाथचा पहिला चहा कालच्यासारखाच कपात थंड होऊन साय धरून होता. तिनं भुकटीत पाणी ओतलं आणि उकळी यायची वाट बघत बसली.

"तू खाल्लीस का काही?" अक्कम्मानं विचारलं.

"खाईन की."

"हूं. खाशील," अक्कम्मा म्हणाली. मग तिचं लक्ष पातेल्याकडं गेलं. "यव्वा, अजून हीच धुवण पितीस? ते पीत न्हाईत तर पयला तरी तू प्यावास."

"ह्यात लई काय नसतंय गं. नुसता रंग आन वास. मला तेवढा बास हाय," केसरबाई म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. चहा उतू जायला लागला तरी तिनं पातेलं उतरवलं नाही, ते अक्कम्मानंच चिमट्यानं उतरवलं.

नुसता रंग आणि वास. भुकटीतला जोर पहिल्या उकळीत जातो आणि दुसरीत वास तेवढा राहतो. तसंच नारळाचं का नसावं? पहिलं घट्ट दूध पिळून बाजूला काढायचं, आणि उरलेल्या चोथ्यात कोमट पाणी घालून पुन्हा पिळायचं.

तिनं अक्कम्माला नागनाथजवळ बसवलं, चप्पल घातली आणि भर उन्हात डॉक्टरांचा दवाखाना गाठला. सात रस्त्यावर त्या वेळी एक कुत्रंही नव्हतं. बाकावर अर्धा तास बसून तिचा नंबर आला. "डाक्टरसाहेब," ती म्हणाली, "नारळ वाटून पयलं दूध काढून टाकलं, समदं. मग ऱ्हायल्याल्या चोथ्यात पानी घालून पिळलं. त्या पान्यात भात केला तर चालंल का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. असला प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "किती नारळ?"

"अर्धा. तुमी म्हणला तर पाव. आन वर चिमूटभर सुकट."

"पाव," डॉक्टर म्हणाले. "तेल नाही. मीठ नाही. आणि ती सुकट तीन पाण्यांतून धुवायची, तिच्यातच मणभर मीठ असतं. खाल्लं तर मला येऊन सांगा." आणि पैसे न घेता त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

हे सगळं जमलं म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मंडईतून नारळ घेऊन परत येताना तिला रडायला येत होतं. एवढी वर्षं दोन-दोन नारळ पिळले, आणि आता शेवटचा म्हणून जो भात त्याच्या पुढं ठेवायचा तो धुवणीचा. त्या मलायच्या बाईनं त्याला साजूक खाऊ घातलं असणार आणि आपण चोथा. शेवटी तीच जिंकली की, केसरबाईच्या मनात आलं, आणि घामाबरोबर तिनं डोळेही पुसून घेतले.

रविवारी सकाळी तिनं पाव नारळ खवला. वाटला. पंच्यात घालून पिळला तर वाटीत घट्ट पांढरं दूध आलं. त्या वाटीकडं तिच्यानं बघवेना. ती तशीच शेजारी अक्कम्माला नेऊन दिली, कशात घालायचं त्यात घाल म्हणाली. मग चोथ्यात कोमट पाणी ओतून दोन्ही हातांनी कुस्करलं आणि पुन्हा पिळलं. पाणी गढूळ, निळसर झाकेचं. त्यात धुतलेला तांदूळ, आल्याची चकती. मीठ नाही. सुकट तीनदा धुतली, तव्यावर कोरडी परतली, बिया काढलेली एक लाल मिरची आणि कांदा तिच्याबरोबर वाटला. काकडीच्या चार चकत्या, आठ-दहा भाजलेले शेंगदाणे.

भात मोकळा झाला. शितं सुटी, रंग मळकट, वर तवंगाचा ठिपकासुद्धा नाही. इतक्या वर्षांत इतका गरीब भात तिनं कधी ताटात वाढला नव्हता.

नागनाथला तिनं भिंतीला उशी लावून बसवलं आणि ताटली मांडीवर दिली. त्यानं वाकून वास घेतला. मग बोटांनी थोडा भात, त्यात सुकटीचा कण घेऊन तोंडात घातला, आणि थांबला. तोंड हलेना. डोळे ताटलीवर.

ओळखलं ह्यानं, केसरबाईला वाटलं.  "अवं, डाक्टरनीच सांगितलं तसं," ती म्हणायला लागली, "म्या काय मुद्दाम..."

त्यानं हात वर केला. घास गिळला. दुसरा घेतला. तिसरा. पाव ताटली संपली, आणि मग तिला दिसलं की त्याच्या दाढीच्या खुंटांतून पाणी खाली येतंय.

"ही रीत तुला कुणी सांगितली?" त्यानं विचारलं.

"कसली रीत?"

"चोथा पिळायची."

"कुणी न्हाय. म्याच. का वं? लई वंगाळ लागतोय का?"

"ह्योच त्यो," नागनाथ म्हणाला. "असाच व्हता त्यो."

केसरबाईला काही कळेना. ती खाली बसली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हातात ताटली धरून, अधूनमधून घास घेत, दमला की थांबत, नागनाथ मलायाबद्दल बोलला.

"जपान्यांनी आमाला धरलं, विमानाचं मैदान करायला लावलं. दिसभर खांदायचं. भवती तार. तारंच्या पल्याड एक म्हातारी ऱ्हायची."

"म्हातारी?"

"माज्या आजीएवढी. म्होरं दात न्हवते. तिचं पोरगं जपान्यांनी रेल्वेच्या कामाला नेलं, ते परत आलं न्हाय. माजं त्वांड काय त्या पोरासारखं व्हतं का काय, द्येव जाणे. आठ-पंधरा दिसांनी सकाळी यायची आन तारंखालनं केळीच्या पानाची पुडी सारायची. त्यात ह्यो भात."

"मग लई नारळ असत्याल की तितं," केसरबाई म्हणाली. 

"झाडं मोप. पर तेल काढून द्यावं लागायचं जपान्यांला. घट्ट दूध समदं त्या तेलात जायाचं. हिच्याकडं चोथा तेवढा ऱ्हायचा. त्यात पानी घालून पिळायची, आन त्या पान्यात तांदूळ, त्यो बी निम्मा, बाकी कसला तरी कंद. वर दोन-चार वाळल्या मासळ्या. त्येच खाऊन म्या जगलो, केसर. संगतीचे किती तरी ग्येले."

तो थांबला. छाती वरखाली होत होती. तिनं पाणी पुढं केलं, त्यानं दोन घोट घेतले.

 तीस-एकतीस वर्षं केसरबाई एका गोऱ्या, लांब केसांच्या बाईशी भांडत आली होती. तिला हरवायला खवणीवर बसून खांदे भरून घेतले होते. आणि ती बाई म्हणजे दात पडलेली, पोरगं हरवलेली एक उपाशी म्हातारी निघाली. हसावं की रडावं तिला कळेना. आणि मग तिला राग आला, इतके दिवस जो यायला त्राण नव्हतं तो सगळा एकदम आला.

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाईत?" ती म्हणाली. "दोन-दोन नारळ पिळले म्या. दर म्हयन्याला. हात बघा माजे. एकदा म्हणायचं की, बाई, पातळ कर."

"कसं म्हणू?" नागनाथ म्हणाला. "मी मेलो म्हणून समदं गाव सांगत व्हतं, तू बांगड्या फोडू दिल्या न्हाईस. नवसाचं पाच नारळ फोडून त्येचा भात म्होरं ठेवलास आन माज्या तोंडाकडं बघत बसलीस. तिला म्हणू, लई घट्ट झालाय?"

"मग दुसऱ्या बारीला म्हणायचं."

"दुसऱ्या बारीला तू त्याच्यापेक्षा घट्ट केलास."

केसरबाईच्या तोंडून हसू फुटलं, तिची इच्छा नसताना. नागनाथही हसला, हसता हसता खोकला. "सोमवारी कचेरीत दिसभर छातीशी जळजळायचं," तो म्हणाला. "सायब इचारायचा, नागनाथ, काल काय खाल्लंस?"

"मला वाटायचं," ती म्हणाली, आणि हे बोलायला तिला म्हातारपण यावं लागलं, "मला वाटायचं तिकडं तुमची बाईल व्हती कुणी तरी."

नागनाथ तिच्याकडं बघतच राहिला. "म्हणून दोन नारळ व्हय?"

"म्हणून दोन नारळ."

"इचारायचं की मग."

"इचारलं की तुमी उठून भाईर जायचा."

ते खरंच होतं.  त्यानं काकडीची एक चकती उचलली आणि सावकाश चावली. ताटलीत आता दोन-तीन घासच राहिले होते. बाहेर चाळीच्या नळावर भांडी वाजत होती, अक्कम्मा कुणाला तरी कानडीत झापत होती. गोळीची वेळ झाली होती, आणि गोळीआधी पोटात अन्न होतं. केसरबाईनं गोळी पुडीतून काढून त्याच्या हातावर ठेवली. घेतली त्यानं.

"ती म्हातारी," तिनं विचारलं, "ती कवा जेवायची?"

"काय ठावं. पुडी द्यायची आन पाठ फिरवून चालू लागायची. तिला खाताना म्या कधी बघितलं न्हाय." त्यानं तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुजी ताटली कुटं हाय?"

"मी खाईन मागनं."

"मागनं न्हाय. हितं आन."

"पातेल्यात लई न्हाय राहिला. तुमाला दुपारला ठेवते."

"आन, केसर."

ती उठली. गुडघे वाजले. पातेल्यातला निम्मा भात दुपारसाठी झाकून ठेवला आणि निम्मा ताटलीत घेऊन नवऱ्यासमोर येऊन बसली. लग्न झाल्यापासून त्याच्या आधी किंवा त्याच्याबरोबर ती कधी जेवली नव्हती, त्यामुळं सुरुवात कुठून करावी हेही तिला कळेना. त्यानं आपल्या ताटलीतले चार शेंगदाणे उचलून तिच्या भातावर ठेवले. तिनं घास केला आणि तोंडात घातला. तो घट्ट, तुपाळ भात तिला स्वतःला कधीच आवडला नव्हता. दर महिन्याला ती दोन घास खाऊन उरलेला गपचूप भाकरीवर ढकलायची. हा मात्र घशाखाली उतरला.

"मीठ न्हाय ह्यात," ती म्हणाली.

"तितं बी न्हवतं," नागनाथ म्हणाला आणि शेवटचा घास गोळा करू लागला.